परक्या हातचं गोंदण

नरसाबाई बंडीतून उतरली तेव्हा तिच्या बोटांवरची काजळी अजून ओली होती. कोतवाल आला त्या वेळी ती केनवडच्या बाजारात एका मुलीच्या हनुवटीवर टिंबं गोंदत बसली होती. "पैनगंगेवर बाईचं मढं सापडलं. जमादारानं तुले बोलावलं," कोतवालानं एवढंच सांगितलं. कोणाचं, हे कोणी विचारलं नाही. शेजारी बसलेली सोजरबाई उठली, तिनं पदर कमरेला खोचला आणि नरसाबाईच्या मागोमाग बंडीत चढली.

पूर ओसरला होता. काठावरच्या पळसांच्या फांद्यांत काडीकचरा आणि कोणाच्या तरी घरचं फाटकं सूप अडकून राहिलं होतं. चिखलात माणसं उभी होती, पण सगळी वारा पाठीशी घेऊन, एका बाजूला. त्यांच्यापुढे गोणपाट अंथरल्यासारखं दिसत होतं. त्याखाली काय आहे ते दिसत नव्हतं.

जमादारानं नाकावरचा रुमाल थोडा खाली घेतला.

"गोंधारीन तूच का?"

"होय."

"पुंजाजीच्या सुनेचा हात तूच गोंदला व्हता?"

"मीच."

"मंग पाह्य. बाप म्हनते, माही पोर हाय. सासू म्हनते, नोहे. तोंडावरून तं काही समजून नाही राह्यलं. हातावर गोंदन हाय. ते तुहं हाय का नाही, तेवढं सांग."

नरसाबाईनं मान डोलावली, पण तिचा पाय उचलेना.

पुंजाजी हा केनवडचा खाऊनपिऊन सुखी शेतकरी. त्याची सून रुख्मिणी, पूर आला त्या दिवशी सकाळी घागर घेऊन बाहेर पडली आणि परत आली नाही. घागर विहिरीच्या काठावर सापडली. तेव्हापासून तिचा नवरा जगदेव भावांना घेऊन, खांद्यावर कुऱ्हाड टाकून गावोगाव हिंडत होता. सासू गोजराबाई भर बाजारात म्हणाली होती, "पाताळात जाऊन बसली असन तरी झिंज्या धरून आनीन." नरसाबाईला मात्र पहिल्या दिवसापासून वाटत होतं की पोरीनं नदी जवळ केली. बंडीत सोजरबाईशेजारी बसून सबंध वाटभर ती तेच मनाशी घोकत आली होती, म्हणजे बघताना छाती फुटायला नको.

रुख्मिणी रिठदची. आई लहानपणीच गेली, बापानं वाढवली, त्यामुळे लग्नाआधी तिचं गोंदायचं राहून गेलं होतं. "कोऱ्या हाताची सून माह्या चुलीजवळ नको," असं म्हणत गोजराबाईनंच तिला नरसाबाईपुढे आणून बसवलं. तुळशीवृंदावन गोंदायचं ठरलं. पोरीनं मुकाट्यानं हात पुढे केला. सुया टोचू लागल्या तशी तिची बोटं आखडली, पण तोंडातून आवाज नाही. गोजराबाई बराच वेळ समोर बसली होती. शेवटची पानं भरायची राहिली तेव्हा ती पलीकडे मिरच्या बघायला उठली. त्याच वेळी रुख्मिणीच्या चोळीची बाही वर सरकली. दंडावर तापल्या चिमट्याचे डाग होते. काही जुने, काळे पडलेले. एक ओला.

"लय दुखते का वं?" नरसाबाईनं विचारलं. कशाबद्दल विचारलं ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"हे दुखनं बरं हाय, मावशी," पोर म्हणाली. "याच्यातून तुळस तरी निघते."

नरसाबाईनं बाही खाली ओढून दिली. त्या दिवशी तिनं जी तुळस गोंदली तशी पुन्हा कधी जमली नाही. एकेक मंजिरी वेगळी, एकेक पान दोन्ही बाजूंनी सारखं. तिच्यापाशी पोरीला देण्यासारखं तेवढंच होतं.

तिची स्वतःची कमाईही तेवढीच होती. वाशिमवरून सडक पडत होती तेव्हा माती टाकणाऱ्या टोळीबरोबर ती नवऱ्यासोबत तेलंगणातून इकडे आली. नवरा पटकीनं गेला. टोळीनं मुक्काम हलवला आणि आजारी पडलेली नरसाबाई मागे राहिली. तिच्या तोंडात जी भाषा होती ती इथं कोणाला कळत नव्हती. केनवडच्या बाजारात ती एका झाडाखाली पडून असे. येणारी-जाणारी माणसं तिला ओलांडून जात. सोजरबाई तेव्हा नव्यानं सासरी आलेली. तिनं या परक्या बाईच्या हातांवरची निळी नक्षी पाहिली, खाली बसली आणि आपला हात तिच्यापुढे धरला. नरसाबाईची आई गोंदण्याचं काम करायची. बोटांत कला होती. काजळी, माक्याचा रस आणि दोऱ्यानं बांधलेल्या सुया. बोलायची गरज पडली नाही.

पुढे भाषा आली, इथल्या बायांना हवी ती नक्षी आली. आधी तिला 'तेलंगीण' म्हणत, मग 'गोंधारीण', मग नरसाबाई. तिची जात कोणाला नीट उमगली नव्हती, त्यामुळे घरात कोणी घेत नसे आणि तिच्या हातचं पाणी कोणी पीत नसे. पण त्याच बाया ओसरीखाली बसून आपला हात तिच्या मांडीवर ठेवत आणि डोळे मिटून घेत. लेकी दूर गावी नांदायला गेल्या की त्यांच्याबरोबर तिची तुळस जाई, तिचा विंचू जाई. रिसोडच्या, मेहकरच्या बाजारात एखादी अनोळखी बाई भाजी घेताना हात पुढे करी आणि नरसाबाईला आपलं काम दिसे. ती काही बोलत नसे. पण त्या दिवशी चालताना तिची मान जरा ताठ असे. आपला हात तिला कुठंही, कशातही ओळखता आला असता.

"पाह्य लवकर," जमादार म्हणाला.

कोतवालानं गोणपाट थोडंसं सरकवून फक्त हात उघडा केला. नरसाबाई चिखलात उकिडवी बसली.

कातडी पाण्यानं पांढरी पडून फुगली होती. त्यावरचं गोंदण हिरवट दिसत होतं. तुळसच होती. वृंदावनाची चौकट होती, वर रोप होतं. नरसाबाईनं श्वास रोखून खाली वाकून पाहिलं.

चौकट एका बाजूला कललेली होती. टिंबं लहानमोठी, कुठं खोल गेलेली, कुठं वरचेवर. सुयांचा जुडगा नव्हेच, एकेक टिंब वेगळं टोचलेलं. रोपाला डाव्या अंगाला पानं होती. उजव्या अंगाला एक-दोन टिंबं घालून कोणी तरी थांबलं होतं. तिनं गोणपाटाची कड आणखी थोडी वर केली. दंडावर डाग नव्हता. एकही नव्हता.

तिला काही समजेना. ती मेलेली रुख्मिणी बघायला आली होती आणि रुख्मिणी इथं नव्हतीच. पोर जिवंत आहे, निदान या चिखलात तरी पडलेली नाही. आणि लगेच दुसरं समोर आलं. इथं कोणी तरी होतंच. कोणाची तरी लेक या गोणपाटाखाली होती आणि तिच्याकडे कोणीच बघत नव्हतं. हे दोन्ही एका वेळी तिला पेलेना. गुडघ्यांवर हात दाबून ती उठली आणि सांगायला तिनं तोंड उघडलं.

"बाई, नीट पाह्य."

रिठदचा जानराव बोलत होता. रुख्मिणीचा बाप. तो माणसांपासून वेगळा उभा होता, हातात पागोटं, पाय पोटरीपर्यंत चिखलात.

"माही पोर हाय ते," तो म्हणाला.

आवाज कापत नव्हता. पाठ केलेलं वाक्य म्हणावं तसं तो ते म्हणाला. त्याचे डोळे कोरडे होते. आणि नरसाबाईच्या ध्यानात आलं की तो गोणपाटाकडे बघतच नाही. लेक समोर पडलेली असताना बाप दुसरीकडे बघत नाही. हा मात्र केव्हापासून तिच्याकडे, नरसाबाईकडे, टक लावून बघत होता.

त्याला माहीत होतं. ही आपली लेक नव्हे हे ठाऊक असून तो चारचौघांत, जमादारापुढे, परक्याचं मढं आपलं म्हणत होता. म्हणजे आपली कुठं आहे, हेही त्याला ठाऊक होतं.

"अवं, सांग नं," गोजराबाई पुढे झाली. "तुही तुळस अशी असते का? लेकरानं कोळशानं ओढल्यावानी हाय हे. रुखमी मेली नाही. पयाली ते. जगदेव तिले हुडकून काढते का नाही, पाह्यजा."

सगळ्यांचे डोळे नरसाबाईकडे लागले. खरं सांगायला एक शब्द पुरेसा होता, आणि तो शब्द तिच्या हातासाठी, तिच्या नावासाठी चांगला होता. तिनं एकदा त्या कललेल्या चौकटीकडे पाहिलं.

"माहंच हाय," ती म्हणाली.

जानरावाच्या हातातलं पागोटं खाली चिखलात पडलं. त्यानं ते उचललं नाही.

"तुहं हाय?" जमादारानं विचारलं.

"होय. हात हलला व्हता माहा. पोर सोसत नव्हती, मनून आर्धं राह्यलं."

"खोटं बोलून राह्यली ते," गोजराबाईचा आवाज चढला. "मी सोता बसली व्हती तिथी. पुरी तुळस गोंदली व्हती इनं. इतकी वर्सं गोंदते, आन् हात हलला म्हनते?"

जमादार आता संशयानं नरसाबाईकडे बघू लागला. ती हळू बोलली.

"जमादारसाहेब, गोंदन पान्यानं बदलते. दुसरी काही निशानी असन तिच्या आंगावर, तं सासूबाईले म्हाईत असन. दंडावर, पाठीवर. त्याईले इचारा."

गोजराबाईचं तोंड उघडंच राहिलं. इतका वेळ जमिनीकडे बघत बसलेल्या पुंजाजीनं पहिल्यांदा मान वर केली. त्यानं बायकोकडे पाहिलं, मग जमादाराकडे.

"काय निशानी व्हती, बाई?" जमादारानं विचारलं. "बोला."

गोजराबाईनं पदर सावरला, पुन्हा सावरला.

"काही नव्हती," ती म्हणाली.

"झालं मंग," पुंजाजी उठला. "माही सून हाय. बाप म्हनते, गोंधारीन म्हनते, आता कायले वाढवता?"

पाण्यावर गेली, पाय घसरला, पुरात वाहून गेली, असं जमादारानं बोलून टाकलं आणि तो घोड्याकडे गेला. जगदेवला बोलवायला माणूस धाडावा का, असं कोणी तरी विचारलं. पुंजाजीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग जानरावच म्हणाला की तिचं सारं मी करतो. पुंजाजीला तेच हवं होतं. केनवडची माणसं बंड्या जुंपून निघून गेली. जाताना गोजराबाई नरसाबाईच्या पायांजवळ थुंकली.

काठावर राहिली ती मोजकी माणसं. जवळच्या गावातून एका बाईनं तांब्या आणि हळद आणून दिली. पुरुष लाकडं बघायला गेले. सोजरबाईनं लुगड्याचा आडोसा धरवला आणि ती मढ्याजवळ बसली. नरसाबाई सवयीनं दूर उभी राहिली.

सोजरबाईनं तो हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. तिच्या स्वतःच्या मनगटावर नरसाबाईची तुळस होती, नव्या नवरीच्या वयात गोंदलेली, अजून रेघ न रेघ स्वच्छ. दोन्ही हात शेजारी शेजारी आले. तिचा चेहरा आधी नुसता गोंधळला, मग पांढरा पडला. तिनं मान वळवून नरसाबाईकडे पाहिलं. नरसाबाईनं नजर चुकवली नाही.

"पानी टाक," सोजरबाई म्हणाली.

नरसाबाई जागची हलली नाही. असलं काम तिला कधी कोणी सांगितलं नव्हतं. ज्या बाईनं तांब्या आणला होता तीही थबकली.

"टाक नं. कोनी तं आपलं असू दे तिले."

नरसाबाईनं तांब्या भरला आणि पाणी घातलं. सोजरबाईनं हळद लावली. दोघींनी मिळून त्या पोरीला लुगडं गुंडाळलं. लाकडं ओली होती, धूर फार झाला. जानरावानं अग्नी दिला तेव्हा मात्र तो रडला, आणि रडणं त्याला आवरेना. सगळं आटोपल्यावर नरसाबाई नदीवर हात धूत असताना तो तिच्यामागे येऊन उभा राहिला.

"रुखमा जिती हाय," तो म्हणाला. "पैनगंगेपल्याड, मोगलाईत. पूर यायच्या आंधी उतरून दिली. माह्या मावसबहिनीकडं हाय. जगदेव मागं लागला व्हता, आज नाही तं उद्या पोचला असता. आन् सकाळी सांगावा आला, मढं सापडलं मनून. मले काय सुचलं, देवाले ठाऊक."

नरसाबाई हात धूतच राहिली. काजळी नखांत बसली होती.

"आन् हे कोन व्हती?"

जानरावानं नदीच्या वरच्या अंगाला पाहिलं.

"पानी वरून येते," तो म्हणाला. "मेहकराकून."

"तिची माय वाट पाहून राह्यली असन."

"मी दहावं करतो तिचं. माही लेक मनूनच करतो." तो थोडा थांबला. "तुह्या हाताची बदनामी झाली, बाई."

ती नखांतली काजळी घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं काजळी खलली. जुडग्यातून एकच सुई सोडवून घेतली. डाव्या मनगटाच्या आत, आईनं लहानपणी गोंदलेल्या नक्षीखाली, थोडी मोकळी जागा होती. तिथं तिनं आठवून आठवून एकेक टिंब टोचलं. कामातलं पाहिलेलं ती विसरत नसे. पण वाकडी रेघ वाकडीच ठेवणं तिला फार जड गेलं. हात आपोआप चौकट सरळ करायला बघे. तिला तो पुन्हा पुन्हा थांबवावा लागला. उजव्या अंगाला एक-दोन टिंबं झाली तेव्हा तिनं सुई खाली ठेवली आणि रक्त पुसलं.

पुढच्या बाजारी ती आपल्या जागी चटई टाकून बसली. गोजराबाई तिच्याआधी सगळीकडे बोलून आली होती. गोंधारणीचा हात गेला, तिनंच जमादारापुढे कबूल केलं, आता लेकीसुनांची कातडी नासवून घ्यायची का. बाया आल्या, चटईवरून नजर फिरवून पुढे गेल्या. हनुवटीवरचं गोंदण अर्धं राहिलेली ती मुलगी आईचा हात धरून समोरून गेली, आईनं तिला पलीकडे ओढलं. नरसाबाई सुया मांडून बसून राहिली. माणसं तिला ओलांडून जात होती. तिला बोलता येत होतं, पण बोलण्यासारखं काही नव्हतं.

ऊन चढल्यावर सोजरबाई आली. तिच्याबरोबर तिची नात होती. नातीला तिनं चटईवर बसवलं, तिची बाही वर सारली आणि हात नरसाबाईच्या मांडीवर ठेवला.

"गोंद."

"लोकं म्हनतात, माहा हात हलते," नरसाबाई हळूच म्हणाली.

सोजरबाईनं आवाज कमी केला नाही.

"म्या तिले न्हाऊ घातलं. कोनाचा हात हलते आन् कोनाचा नाही, मले नोको सांगू."

मिरच्या निवडणारीचे हात थांबले. मग पुन्हा बाजार सुरू झाला. नरसाबाईनं सुया उचलल्या. मुलीच्या हातावर पहिली रेघ उतरली आणि ती सरळ उतरली. दुपारी अर्ध्या हनुवटीची मुलगी आली. तिच्यामागे आणखी दोघी येऊन बसल्या. दिवस मावळेस्तोवर नरसाबाईची पाठ भरून आली. तिला कोणीही काही विचारलं नाही. सोजरबाईनं कोणाला काय सांगितलं, की काहीच सांगितलं नाही, हे तिला कधी कळलं नाही. एवढंच झालं, की त्या दिवसानंतर तहान लागली म्हणून ती कोणाच्या ओसरीशी थांबली तर बाया तिला आत बोलवू लागल्या.

पुढच्या उन्हाळ्यात जगदेवचं दुसरं लग्न झालं. नवी सून बाजारात आली की नरसाबाई काम थांबवून तिच्या बाहीकडे बघे.

मनगटावरचं ते गोंदण सोजरबाईनं पहिल्याच आठवड्यात पाहिलं होतं. "हे काय वं?" तिनं विचारलं. "इसरू नाही मनून," नरसाबाई म्हणाली. रिसोडला, मेहकरला, लोणारच्या जत्रेला, जिथं जिथं ती सुया घेऊन गेली, तिथं गोंदून घेणारीला हात दाखवून ती विचारी, असं काम तुमच्याकडं कोन करते? बाया बघत आणि हसत. गोंधारणीच्या स्वतःच्या हातावर असलं कच्चं काम कोणी केलं, म्हणत. ती म्हणे, असू दे. कोणा शिकाऊ गोंधारणीचा हात असेल असं तिला वाटे, आणि तशी एखादी कधी तरी सापडेल, मग तिनं कोणाकोणाला गोंदलं ते विचारता येईल. अशी कोणी सापडली नाही. रुख्मिणीची खुशाली मात्र जानराव एकदा सांगून गेला. ती तिकडे एका विणकराकडे सूत भरायला शिकली होती, आणि तिकडचं बोलणं तिला कळायला लागलं होतं.

मग एका हिवाळ्यात, केनवडच्याच बाजारात, अंबाडीचे दोर विकायला आलेली एक बाई नरसाबाईच्या शेजारी येऊन बसली. लांबून आलेली दिसत होती, पायांना भेगा पडल्या होत्या. तिला गोंदायचं नव्हतं. ती नुसती बघत होती. नरसाबाईनं काजळीचं भांडं घ्यायला डावा हात पुढे केला आणि त्या बाईनं तो मनगटाला धरला.

धरला तो सोडलाच नाही. तिनं आपला अंगठा त्या कललेल्या चौकटीवर ठेवला आणि तसाच वर नेला, डाव्या अंगाच्या पानांवरून, उजव्या अंगाच्या त्या एक-दोन टिंबांपर्यंत. तिथं अंगठा थांबला.

"हे म्या गोंदलं," ती म्हणाली.

नरसाबाईच्या मांडीवर ज्या मुलीचा हात होता ती मुलगी दोघींकडे आळीपाळीनं बघू लागली.

"गोंधारीन आमच्याकडं येत नाही," ती बाई सांगत होती, घाईघाईनं, जणू कोणी मध्येच थांबवेल. "लेकीचं लगन तोंडावर आलं व्हतं. मंग म्याच गोंदलं, बाभयीच्या काट्यानं. मले कुठी येते? पोट्टी लय रडली. मनून इकडून सोडून देल्लं. म्हनलं, पहिल्या खेपेले माहेरी आली का पुरं करू."

इतकी वर्षं ती ज्याला कच्चा हात म्हणत आली होती तो हात तिच्या मनगटावर होता, दोरानं घट्टे पडलेला.

"नदी उतरून सासरी चालली व्हती," बाई म्हणाली. "लोकं म्हनतात, पुरात गेली. मी नाही म्हनत. सापडली कुठी?" तिनं नरसाबाईच्या तोंडाकडे पाहिलं. तिचे डोळे एकदम उजळले. "तुले तिनंच दाखोलं असन नं हे? कुठी भेटली? बरी हाय नं?"

नरसाबाईनं मुलीचा हात मांडीवरून हलकेच खाली ठेवला. सुया फडक्यात गुंडाळल्या. मग चटईवर ती बाजूला सरकली आणि त्या बाईसाठी आपल्याजवळ जागा केली.

"बस माय," ती म्हणाली. "सांगते."